काठवटीला पाणी लागलं

आर्वो कीस्किनेनने त्या मंगळवारी फक्त एक लाकडी चमचा धुवायचा ठरवला होता. एकच. सहासष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाने एक चमचा धुतला तर त्यात बिघडण्यासारखं काय आहे? काही नाही. पण काही माणसांचा हातगुणच असा असतो की ती खुंटी ठोकायला जातात आणि भिंत पाडून येतात. आर्वो त्यातला. तळ्यावरचा लाकडी धक्का दुरुस्त करायला गेला आणि एक खिळा काढला. धक्का आता पलीकडच्या काठाला असतो.

चमचा धुवायची बुद्धी झाली ती पासामुळे.

सरकारने नवा कायदा काढला होता. हॉटेलात, खाणावळीत, शाळेच्या स्वयंपाकघरात, जिथे कुठे माणसाचा हात उघड्या अन्नाला लागतो, तिथे त्या माणसाने आधी परीक्षा द्यायची आणि स्वच्छतेचा पास घ्यायचा. चाळीस विधानं. प्रत्येकापुढे खरं किंवा खोटं अशी खूण करायची. चौतीस बरोबर आली तर पास, नाहीतर हात खिशात घालून बसा. (कायदा करणाऱ्यांनी आयुष्यात कधी पीठ मळलं असेल असं आर्वोला वाटत नव्हतं. पीठ मळणाऱ्या माणसाला कायदे करायला वेळ कुठे असतो?)

खाणावळ आर्वोच्या बायकोची, हिल्क्काची. कुओपिओ शहराच्या रस्त्याला, तळ्याच्या कडेला. लाकडाचे ओंडके नेणारे ट्रकवाले तिथे जेवायला थांबायचे. सोमवारी मासे, गुरुवारी वाटाण्याचं सूप, आणि रोजच्या रोज आर्वोचा पाव. राय या धान्याच्या काळ्या पिठाचा, आंबट, मध्ये भोक पाडलेला, छताखालच्या काठीवर ओवून ठेवलेला. सूप कुठेही मिळतं. ट्रकवाले वीस किलोमीटर वाकडी वाट करून यायचे ते या पावासाठी. आर्वोचं खाणावळीतलं काम एवढंच, आणि एवढ्या कामावर त्याची सगळी ऐट.

हिल्क्काने पहिल्याच फटक्यात परीक्षा दिली. चाळीसपैकी चाळीस.

"आता तुझी पाळी," ती म्हणाली.

"मी चौथीपर्यंत शिकलोय. चौथीतही अर्धं वर्ष मास्तर आजारी होते."

"ठीक आहे. मग गुरुवारपासून पाव मी भाजते."

आर्वोने बूट घातले आणि परीक्षेला नाव द्यायला गेला.

पहिल्या वेळी एकोणतीस आले. तो वाचनालयाच्या हॉलमध्ये विशी-बाविशीच्या पोरींच्या मध्ये बसला आणि जे आयुष्यात पाहिलं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. 'अन्न खराब झालं आहे हे वासावरून नेहमी ओळखता येतं.' त्याने 'खरं' अशी खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'माझ्या नाकाला येतं.' 'सर्दी झालेल्या माणसाने स्वयंपाक करू नये.' खोटं. 'हिवाळ्यात देश उपाशी मरेल.' 'काम करताना हातातली अंगठी काढून ठेवावी.' खोटं. 'बायको विचारेल.'

पेपर परत आला तेव्हा वर लाल शाईत एकच ओळ होती: कृपया समासात लिहू नये.

दुसऱ्या वेळेची तयारी हिल्क्काने घेतली. दर शनिवारी साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, ती त्याला वरच्या फळीवर बसवायची आणि स्वतः खाली पुस्तक घेऊन बसायची. उत्तर चुकलं की तापलेल्या दगडांवर एक ओगराळं पाणी. वाफ थेट वर. 'उरलेलं सूप किती वेळात थंड करावं' याला आर्वोने तीन वेळा चुकीचं उत्तर दिलं आणि कोळंबीच्या रंगाचा होऊन बाहेर पळाला. पण अभ्यास अंगात मुरला. दुसऱ्या वेळी अडतीस आले.

आणि इथून खरी पीडा सुरू झाली. न मानणारा माणूस मानायला लागला की त्याच्यासारखा वाईट कोणी नाही. आर्वोने राष्ट्राध्यक्षांचा फोटो उतरवला आणि त्या खिळ्याला आपला पास लावला. खिशात थर्मामीटर आला. सूप साठ अंशांच्या वर आहे ना? दूध सहाच्या खाली आहे ना? ट्रकवाल्यांच्या ताटातल्या बटाट्यात तो न विचारता थर्मामीटर खुपसायचा. एक दिवस त्याने मांजराच्या दुधाचं तापमान घेतलं आणि मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलं.

हिल्क्काला कायद्याप्रमाणे एक फाइल ठेवावी लागायची. त्यात तीन रकाने. धोका, उपाय, किती वेळा तपासायचं. आर्वोने तिला चाळीस धोके सांगितले. तिने सहा लिहिले आणि पेन ठेवलं.

"आणि दाराची कडी? कडीवर किती जंतू असतात माहीत आहे?"

"आर्वो, मी दोन दिवस बहिणीकडे जाते. तिथे निदान माझ्या कॉफीला ताप आलाय का ते कोणी बघत नाही."

नेमकं त्याच सकाळी पत्र आलं, गुरुवारी नगरपालिकेची तपासनीस येणार. हिल्क्काने पत्र वाचलं, दोन दिवस खाणावळ बंद अशी पाटी लावली आणि म्हणाली, "सगळं स्वच्छच आहे. बुधवारी दुपारी येते. तू कशालाही हात लावू नकोस."

आता नवऱ्याला 'हात लावू नकोस' सांगून कोणी बसमध्ये बसतं का?

तर, चमचा. पीठ ढवळायचा लाकडी चमचा तेवढा मळकट दिसत होता. आर्वोने तो धुतला. चमचा इतका उजळ निघाला की फळी काळी दिसायला लागली. फळी धुतली. मग पाव ओवायची काठी. मग खुर्चीवर चढून छत. दुपारपर्यंत स्वयंपाकघर असं लखलखत होतं की त्यात एकच गोष्ट डोळ्यांत सलत होती. कोपऱ्यातली काठवट.

काठवट म्हणजे पीठ आंबवायचं खोल लाकडी भांडं, बुटक्या पिंपाएवढं, कडांना जुनिपर झुडपाच्या काड्यांचे वेढे. आतून तिला पिठाची करडी खपली. पुस्तकात सत्ताविसाव्या पानावर अशाच खपलीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: असं नको. आर्वोच्या डोळ्यांपुढे तपासनीस आली. ती काठवटीत वाकून बघते आहे. मग भिंतीवरच्या पासाकडे बघते आहे. मग आर्वोकडे.

साउनात पाणी उकळतच होतं. आर्वोने सोडा घातला. कडक ब्रश घेतला. काठवट आडवी पाडून आत खांद्यापर्यंत शिरला आणि घासताना मोठ्याने गात होता. (हे नंतर आठवून त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. घासणं समजू शकतं. गाणं कशाला?) घाण पाणी तळ्यात ओतलं, काठवट उन्हात उपडी ठेवली. संध्याकाळी उचलून आत आणली तेव्हा ती नव्या नवरीसारखी पांढरीफेक दिसत होती.

मग सवयीने त्याने आत नाक खुपसलं.

दर बुधवारी संध्याकाळी, पीठ घालायच्या आधी, आर्वो काठवटीत डोकं घालून एक मोठा श्वास घ्यायचा. बायकोलाही हे माहीत नाही असं त्याला वाटायचं. त्या आंबट, उबदार वासात करेलियातलं त्यांचं घर होतं, जे लढाईत सीमेपलीकडे गेलं आणि ज्याचं आता छप्परसुद्धा उरलं नसेल. त्यात आईचा पदर होता, चुलीमागचा बाक होता, बाकाखाली झोपलेलं कुत्रं होतं. तो सहा वर्षांचा होता तेव्हा सगळं गाव गाड्यांवर सामान लादून निघालं. आईने भांडीकुंडी सोडली, आरसा सोडला, काठवट घेतली. सप्टेंबरची थंडी. आतलं पिठाचं विरजण मरू नये म्हणून आईने आपला लोकरीचा कोट काढून काठवटीला घातला आणि स्वतः नुसत्या शालीवर चालत राहिली. आर्वोला आठवत होतं, गाडीवर आईचा कोट बसलाय आणि गाडीमागे आई चालते आहे.

काठवट धुवायची नसते ती याचसाठी. पाव झाले की आतून खरवडायची, खरवड तळाला थापायची, वर मूठभर पीठ, वर फडकं. तेच पुढच्या खेपेचं विरजण. लाकडातच मुरलेलं. आईने मरताना दुसरं काही सांगितलं नव्हतं. "काठवटीला पाणी लावू नकोस," एवढंच.

आता आतून सोड्याचा वास येत होता.

आर्वो उंबऱ्यावर बसला. समोर तळं. साठ वर्षांचं विरजण तिथे गेलं होतं, आता मासे आंबणार. गुरुवारचे पाव, ट्रकवाले, तपासनीस, हे सगळं त्याला नंतर सुचलं. पहिल्यांदा फक्त एवढंच सुचलं की आईचा कोट फुकट गेला.

विरजण मागून आणता येतं. आई असताना सगळं गाव त्यांच्याकडून न्यायचं आणि ती कोणाला नाही म्हणायची नाही. पण ती गेल्यावर आर्वोने देणं बंद केलं. "हे करेलियाचं आहे, तुमच्या या सावो प्रांताच्या पिठात टिकायचं नाही," असं सांगून त्याने बायका दारातून परत पाठवल्या. पूर्वी नेलेल्यांनी केव्हाच पाव करणं सोडलं होतं, त्यामुळे आता ते विरजण जगात कुठेही नव्हतं. माणूस आपल्या ऐटीचा असा चोख हिशेब करून ठेवतो.

आसपास लाकडी काठवटीत पाव करणारं दुसरं एकच घर उरलं होतं. भूर्जाच्या झाडांमधून पायवाटेने तीनशे मीटर. एल्मा तोल्वानेन, वय चौऱ्याऐंशी. आणि एल्माशी आर्वोचा तेवीस वर्षं अबोला होता.

झालं असं की एक्क्याऐंशी साली गावच्या जत्रेत पावांची स्पर्धा होती. परीक्षकाने आर्वोचा पाव खाल्ला, एल्माचा खाल्ला, परत आर्वोचा खाल्ला, आणि म्हणाला, "मला फरकच कळत नाही. दोन्ही एकाच घरचे वाटतात." दोघांना मिळून पहिलं बक्षीस दिलं. करेलियाहून जीव मुठीत धरून आणलेला पाव आणि या तळ्याकाठच्या म्हातारीचा पाव एक? आर्वोने बक्षिसाचा कप टेबलावर आपटला आणि त्या दिवसापासून एल्माशी एक शब्द बोलला नाही.

बुधवारी सकाळी तो पायवाटेने निघाला. रस्त्यात दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा परत फिरणार होता, पण तोवर एल्माचं अंगण आलं होतं.

एल्मा पायरीवर बसून बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "कॉफी?"

"नको."

"ओतते."

(इथे पहिल्या 'नको'ला कोणी विचारत नाही.) एल्मा बटाटे घेऊन आत गेली, मागोमाग तो. कॉफी आली, वेलदोड्याचा पाव आला. आर्वोने पहिला कप संपवला. हवेबद्दल बोलून झालं. दुसरा कप संपवला.

"एल्मामावशी, माझ्या ओळखीच्या एकाचं विरजण गेलंय."

"ओळखीच्या."

"लांबचा आहे."

"काठवट धुतली असेल त्याने."

"तसंच काहीसं."

"सोडा घालून?"

आर्वो कपात बघत म्हणाला, "जरासा."

एल्माने सुरी ठेवली. हात पुसले. "म्हणजे तिसरी वेळ," ती म्हणाली.

"कोणाची तिसरी?"

"तुमच्या घराची, दुसऱ्या कोणाची?"

सावोच्या माणसाने तोंड उघडलं की अर्थ लावायचं काम ऐकणाऱ्याचं, असं म्हणतात. आर्वोने लावून पाहिला. लागला नाही.

"आमच्या काठवटीला साठ वर्षांत पाणी लागलेलं नाही!"

"पोरा, सेहेचाळीस साली तूच लावलंस. आन्नीचा, तुझ्या आईचा, नामदिन होता, तिच्या नावाचा सण. आईला खूश करायचं म्हणून काठवट तळ्यापर्यंत लोळवत नेलीस आणि वाळूने घासलीस. आठ वर्षांचं पोर, पण घासली अशी की आत तोंड दिसावं."

आणि आर्वोला आठवलं. वाळू आठवली. ओले गुडघे आठवले. आईने त्याला जवळ घेतलं होतं, "किती छान केलंस रे," म्हणाली होती, आणि मग साउनाच्या पायरीवर पाठमोरी बसून राहिली होती. खांदे हलत होते. आनंदाने, असं तो अठ्ठावन्न वर्षं धरून चालला होता.

"त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली," एल्मा म्हणाली. "हा मग भरून विरजण घेऊन गेली." तिने फळीवरून निळा इनॅमलचा मग काढला. झाकणाचा टवका उडालेला.

"म्हणजे आमचं विरजण..."

"काठवट तुमची. आंबटपणा माझ्या सासूचा. त्याने सीमा कधी बघितलेली नाही."

आर्वोने रिकामाच कप तोंडाला लावला.

"आईने मला सांगितलं का नाही?"

"मीही तेच विचारलं तिला. म्हणाली, पोराचं गाव गेलं, घर गेलं, कुत्रं तिकडेच राहिलं. वास तरी त्याचा त्याला असू दे."

एल्मा परत बटाट्यांकडे वळली. फार मोठं काही सांगितलं असं तिच्या तोंडावर नव्हतं. आर्वोला मात्र हिशेब लावायला वेळ लागला. साठ वर्षं दर बुधवारी काठवटीत डोकं घालून तो जे घर हुंगत होता, ते घर इथे होतं. तीनशे मीटरवर. ज्या म्हातारीशी बोलायचं नाही तिच्या चुलीपाशी. त्याला राग यायला हवा होता. त्याने येतोय का वाट पाहिली. आला नाही. एल्माच्या काठवटीवरचं फडकं बाजूला होतं आणि तिथून आईचा पदर येत होता.

"आणि दुसरी वेळ?"

"ती मी नाही सांगणार. हिल्क्का लग्न होऊन आली त्या पहिल्याच शनिवारची आहे, अडुसष्ट सालची, सासूवर छाप पाडायला तिने घरातलं झाडून सगळं धुतलं होतं. पण ती हिल्क्काची गोष्ट आहे, मी कशाला सांगू?"

"हिल्क्काने?" आर्वो उठून उभा राहिला. "छत्तीस वर्षं मला बोलली नाही?"

"तू विचारलं नसशील."

एल्माने मग भरला, पिठाची चिमूट वर टाकली, झाकण लावलं. दारातून निघताना आर्वोला वाटलं की काहीतरी बोललं पाहिजे.

"मावशी, मी तुझ्याशी तेवीस वर्षं बोलत नव्हतो. त्या बक्षिसावरून."

"हो का?" एल्मा म्हणाली. "मला वाटलं, वयाबरोबर जरा शहाणा झालास."

घरी जाताना आर्वोच्या डोक्यात दोन गोष्टी भांडत होत्या. एक म्हणजे हिल्क्काला जाब विचारायचा. छत्तीस वर्षं! त्याच्या आईचं, त्याच्या करेलियाचं विरजण धुऊन टाकलं आणि वर रोज त्याच्याच तोंडून करेलियाच्या गोष्टी ऐकत बसली! दुसरी म्हणजे, जाब विचारला तर ती पहिला प्रश्न काय विचारेल? "तुला कसं कळलं?" हातात भरलेली बंदूक होती, पण नळी आपल्याच पोटाकडे होती.

दुपारची बस आली. हिल्क्का स्वयंपाकघरात शिरली, छताकडे बघितलं, फळीकडे बघितलं. "हात लावू नकोस म्हटलं होतं."

"जरा पुसून घेतलं."

"हं." तिने कोट काढला. काठवटीवर आर्वोने फडकं घातलं होतं आणि तो तिच्यापुढे उभा होता, रुंद होऊन.

"आर्वो, बाजूला हो."

"विरजण झोपलंय."

"एल्माचा मग आपल्याकडे कसा आला?"

आधी लपवायला हवा होता तो मग. जगातलं सगळं धुतलं आणि तेवढं राहिलं.

"कॉफीला गेलो होतो."

"तेवीस वर्षांनी? आणि मगासकट आलास?"

"चांगली कॉफी होती."

हिल्क्काने मग उचलला, आत बघितलं, टवका उडालेल्या जागी अंगठा फिरवला. आणि मग तिला हसू फुटलं. खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. "अरे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "याच मगातून मी..."

"माहीत आहे."

"एल्माने सांगितलं?"

"ती म्हणाली, सांगणार नाही."

"म्हणजे सगळं सांगितलं." हिल्क्का बसली. डोळे पुसले. "मी तेवीस-चोवीस वर्षांची. सगळं घर धुतलं, काठवट सगळ्यात शेवटी. अभिमानाने सासूबाईंना दाखवली. वाटलं आता शाबासकी मिळणार. त्यांनी आत बघितलं. मग शाल घेतली आणि म्हणाल्या, 'चल पोरी, तुला वाट दाखवते.'"

मग आर्वोने तिला सेहेचाळीस सालच्या वाळूची गोष्ट सांगितली. बाहेर तळ्यावर ऊन होतं. आर्वोने विचारलं, "आई रागावली नाही?"

"वाटेत हसत होत्या. म्हणाल्या, घरात आता दोघं झाली."

"दोघं काय?"

"ते मला तेव्हा कळलं नव्हतं," हिल्क्का म्हणाली. "आत्ता कळलं."

संध्याकाळी दोघांनी मिळून मगातलं विरजण काठवटीत ओतलं, कोमट पाणी घातलं, पीठ घातलं. आर्वोने पाणी घालताना थर्मामीटर काढला. हिल्क्काने बघितलं. त्याने थर्मामीटर परत खिशात ठेवला आणि आईसारखं कोपर बुडवून पाहिलं. पण धुतलेलं लाकूड रुसलेलं होतं. आठ वाजले तरी बुडबुडा नाही. तेव्हा हिल्क्का उठली, खुंटीवरचा आपला लोकरीचा कोट काढला आणि काठवटीला घातला. गळ्याचं बटणसुद्धा लावलं.

आर्वोला काहीतरी कापायला घ्यावं लागलं. कांदा मिळाला. तो चिरला.

सकाळी कोट वर उचलला गेला होता. पीठ कडेला आलं होतं. आठला पाव भट्टीत गेले, दहाला काठीवर चढले, आणि अकराला तपासनीस आली.

मिर्वा तोस्सावाइनेन, तिशीतली, पांढरा कोट, कागद लावलेली पाटी. तिने शीतकपाट बघितलं, सुपात थर्मामीटर बुडवला, दाराच्या कडीकडे बघितलंसुद्धा नाही. (आर्वोला ते फार लागलं.) मग ती काठवटीपाशी गेली आणि वाकली.

आर्वो खिशातला थर्मामीटर चाचपायला लागला.

"ही लाकडी वापरता?"

"माझ्या आईची आहे. करेलियाहून आणलेली." पुढचं वाक्य तो साठ वर्षांच्या सवयीने बोलणारच होता. त्याने ते गिळलं. "पण आम्ही ती... म्हणजे आता अगदी स्वच्छ..."

"धुतली नाही ना?" मिर्वाने दचकून विचारलं.

"का?"

"अहो, या काठवटी धुवायच्या नसतात! पाणी मुरलं की लाकडात बुरशी धरते. खरवडायची, कोरडी करायची, झाकायची. पुस्तकात शेवटच्या प्रकरणात आहे, परीक्षेत विधानही होतं. तुम्ही पास आहात म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे." तिने भिंतीवरच्या पासाकडे बघितलं.

"माझी दोन चुकली होती," आर्वो म्हणाला.

हिल्क्का भांड्यांच्या कपाटात काहीतरी शोधायला लागली. तिची पाठ हलत होती.

मिर्वाने पाव मागितला. लोणी लावून उभ्यानेच खाल्ला. दुसरा तुकडा मागितला. "माझी आजी असाच करायची," ती म्हणाली. "तीही तिकडची होती, करेलियाची. अगदी तोच वास."

आर्वोने तोंड उघडलं. हिल्क्काने कपाटातून त्याच्याकडे बघितलं. आर्वोने तोंड मिटलं. काही पोरींनाही त्यांच्या घरचा वास असू द्यावा.

"फाइल?" मिर्वाने विचारलं. हिल्क्काने दिली. मिर्वाने सावकाश वाचली, एका जागी थांबली, वर आर्वोकडे बघितलं, परत खाली बघितलं, काहीतरी लिहिलं आणि सही केली. "एवढी प्रामाणिक फाइल मी या रस्त्याला पाहिली नव्हती," असं म्हणून ती गेली.

आर्वोची छाती फुगली. शेवटी थर्मामीटर, अभ्यास, साउनातली ती वाफ, सगळं कामाला आलं होतं. आधी त्याने दोन गरम पाव कापडात बांधले आणि एल्माच्या निळ्या मगात लोणी भरलं. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे आई सांगायची. मग निघण्यापूर्वी, तपासनिसाने काय कौतुक लिहिलंय ते बघायला, त्याने फाइल उघडली.

सहा धोके जुनेच होते. खाली हिल्क्काच्या अक्षरात, पहाटेच्या ताज्या शाईत, सातवा होता.

धोका: आर्वो.

उपाय: काठवटीजवळ एकटा सोडू नये.

किती वेळा तपासायचं: रोज.

आणि त्यापुढे, समासात, जिथे लिहायचं नसतं असं त्याला बजावलं होतं तिथेच, तपासनिसाने लाल शाईत लिहिलं होतं: 'उपाय योग्य. पास असला तरीही लागू.'